उजवी पाकळी

९ नोव्हेंबर १९९७, रविवार

ही वही माझ्या नातीची, प्रियदर्शिनीची. भूगोलाची. मागची पानं कोरी राहिली होती ती मी घेतली. लिहायचं कारण एवढंच, की या घरात आज बोललेलं उद्या फिरवलं जातं. मी तसं म्हणालेच नव्हते, असं माझी लेक तोंडावर सांगते. आता तारीख घालून लिहून ठेवते, मग बघू कोण फिरवतं. शाळा माझी दुसरीपर्यंत. बाकीचं इथं कोपरखैरण्याला आल्यावर साक्षरतेच्या वर्गात शिकले. अक्षर वाकडं असेल, नजर सरळ आहे.

घरात आम्ही तिघी. मी, लेक उज्वला, आणि तिची प्रिया. प्रिया आठवीत. मालक माथाडीत होते, जन्मभर पोती वाहिली, त्यावर हे घर मिळालं. घर बघून दोन वर्षांत ते गेले. जावई सात वर्षांपूर्वी पोत्यांची थप्पी अंगावर येऊन गेला. तेव्हा उजू पोरीचा हात धरून इथं आली, ती इथंच. मी ठेवून घेतली. बाकी मला कुणाची गरज नाही. सुई ती ओवून देते, पिंपातलं पाणी ती भरते, रोज पाय चेपते, पण ते सगळं ती तिच्या मनानं करते. मी सांगायला जात नाही.

आता मुद्द्याचं. उजू वाशीला दाणा मार्केटात डाळ पाखडायला जाते. सहाला सुटते, पावणेसातला दारात. आठ दिवस झाले, साडेसात वाजतात. विचारलं तर म्हणते, बस नव्हती. आठही दिवस बस नसते का? आणि कपाळाला टिकली. लावू नये असं मी म्हणत नाही, जमाना बदलला. पण सात वर्षं लावली नाही, ती आताच का?

१३ नोव्हेंबर

तिच्या पिशवीत तूरडाळीची पुडी निघाली. एकसारखी, टपोरी डाळ, एक खडा नाही. असली डाळ पाखडणाऱ्या बाईला कोण देतो? पुडीच्या कागदावर आकडे होते, अक्षर बाप्याचं. मी पुडी परत जशीच्या तशी ठेवली, गाठ पण तशीच मारली.

डाळ आज शिजवली तिनं. चांगली शिजली. मी दोनदा वाढून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज कौलाचा वार. कौल काय ते लिहून ठेवते, म्हणजे मी गेल्यावर प्रियाला कळेल.

आमच्या घरी भैरोबाचा पितळी मुखवटा आहे. सासऱ्यानं कोरेगावाकडनं आणून दिलेला, हातभर नाही, वीतभर. त्याच्या दोन्ही गालांना जास्वंदीची एकेक पाकळी पाण्याच्या बोटानं चिकटवायची, प्रश्न बोलायचा, आणि हात जोडून गप्प बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नको. उजवा म्हणजे देवाचा उजवा, आपला नाही. अंघोळ करून, उपाशी पोटी, आणि एकदाच विचारायचं. परत परत विचारलं की देवाला वाटतं आपला विश्वास नाही. गल्लीतल्या बायका येतात माझ्याकडे. मी कुणाचं काही घेत नाही, फुलसुद्धा माझं. पण आक्का म्हणून मान देतात, ते खोटं कशाला बोला.

आज सारसोळ्याची दुर्गाबाई आली होती. ती मासळी घेऊन दारोदार फिरते, आमच्या गल्लीत तिसऱ्या प्रहरी येते. आज टोपली बाहेर ठेवली, हातपाय धुतले आणि बसली. तिच्या पोराला जुनं इंजिन मिळतंय होडीसाठी, घ्यावं का.

डावी पडली.

"आक्का, वारा आला," ती म्हणाली. "दार उघडा हाय. एक डाव परत बगा ना."

मी म्हटलं, "दुर्गाबाई, देव काय तुझं गिऱ्हाईक आहे घासाघीस करायला? पडली ती पडली."

"पोरगा नाराज होल."

"होऊ दे. देवाच्या मनात नाही म्हणजे नाही. आपल्या मनातलं ऐकायचं असेल तर देवाकडे कशाला यायचं, आरशापुढं बसावं."

ती बिचारी उठून गेली. मला बरं वाटलं. सरळ बोललेलं मला आवडतं.

२२ नोव्हेंबर

उजूनं आज स्वतःच सांगितलं. भाकरी थापताना, माझ्याकडे पाठ करून. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

मार्केटात अरविंद म्हणून एक मापाडी आहे. पोती काट्यावर चढली की वजन करून लिहायचं, हे त्याचं काम. चिपळूणकडचा, बेचाळीस वय, बायको वारून चार वर्षं, मूलबाळ नाही. त्याला पुण्याच्या मार्केट यार्डात कायमची जागा मिळते आहे. फेब्रुवारीत जाणार. उजूशी लग्न करून तिला आणि प्रियाला घेऊन जायचं म्हणतो.

"पुण्याला?" मी विचारलं.

"हो."

"प्रियाला पण?"

"माझी मुलगी आहे आई ती."

मी विचारलं, तुझ्या मनात काय आहे. ती म्हणाली, "मला बरा वाटतो माणूस. पण तुला सोडून तुझ्या मनाविरुद्ध नाही जाणार. तू देवाला विचार. देव हो म्हणाला तर जाऊ, नाही म्हणाला तर विषय बंद. परत नाव काढणार नाही."

मला हे ऐकून संशयच आला. एवढी देवावर श्रद्धा हिची कधीपासून? कौल लावताना ही नेहमी धुणं वाळत घालायला जाते. म्हणजे हिला खात्री आहे की देव हो म्हणेल. का आहे?

तरी मी म्हटलं, विचारते. माझं काही नाही यात. देव सांगेल ते.

२३ नोव्हेंबर, रविवार

उजू पाण्याच्या रांगेत, प्रिया क्लासला. आधी एकटीनं विचारून बघावं म्हटलं, म्हणजे सगळ्यांपुढं गोंधळ नको. अंघोळ करून बसले. विचारलं, उजूनं या माणसाशी लग्न करावं का.

उजवी पडली.

पण मी सकाळी चहा घेतला होता. उपाशी पोटी नव्हते. तो कौल धरता येत नाही.

२५ नोव्हेंबर

रविवार नव्हता, पण मंगळवार पण देवाचाच. कडकडीत उपास. उजवी पडली. नंतर लक्षात आलं, वरती पंखा चालू होता. एक नंबरवर. तेवढ्यानं पण पाकळी हलते.

२८ नोव्हेंबर

उजवी. पण ती देवाची उजवी, माझी डावी. सासरे कौल लावायचे तेव्हा देवाचा उजवा धरायचे की आपला? मी लग्न होऊन आले तेव्हा चौदा वर्षांची, मला काय आठवणार. आपला धरायचे असं आता वाटतंय. तसं असेल तर देव नको म्हणाला.

दुर्गाबाईचा कौल मी देवाचा धरला होता. म्हणजे तो उलटा झाला. पण इंजिन आता दुसऱ्यानं नेलं असेल, तिला सांगून काय उपयोग.

३० नोव्हेंबर, रविवार

आज डावी पडली. देवाची डावी. मन हलकं झालं. मग आठवलं, परवा आपला उजवा धरायचं ठरवलं होतं. त्या हिशेबानं ही उजवी. पण विचार केला, इतकी वर्षं देवाचाच धरत आले, ते काय उगाच? देवाचाच बरोबर.

चहा घेतला होता खरा आज. पण अर्धाच कप.

७ डिसेंबर, रविवार

तो माणूस घरी आला. उजूनं बोलावला, मला विचारून. मी म्हटलं येऊ दे, आपण बघून घेऊ.

उंच, वाळका, केसांना तेल. चप्पल बाहेर सरळ लावून ठेवली. मला वाकून नमस्कार केला. फार वाकला. एवढं कुणी वाकतं का?

मी विचारलं, "बायको कशानं गेली?"

"कावीळ झाली होती मावशी. उशिरा कळलं."

"उशिरा का कळलं? लक्ष नव्हतं?"

उजूनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. तो म्हणाला, "नव्हतं. दोन दोन पाळ्या करत होतो तेव्हा. ते माझं चुकलं."

आता हा माणूस खरं बोलतो की खरं बोलतोय असं दाखवतो, हे ओळखायला मला बसावं लागेल. चूक लगेच कबूल करणाऱ्या माणसाला मी घाबरते.

मी म्हटलं, "तुमचं काम काय, नुसतं काट्यापुढं उभं राहायचं?"

"तेवढंच," तो हसला. "पोतं चढवलं की काटा हलतो. हलतोय तोवर लिहायचं नाही. हमाल घाई करतात, व्यापारी घाई करतो, लिही लिही म्हणतात. पण थांबायचं. थांबला की काय असेल ते लिहायचं, मग कुणाचं नुकसान होऊ दे."

"तुमच्यावर कुणी चिडत नाही?"

"रोज चिडतात."

प्रिया त्याच्याशी गणिताचं काहीतरी बोलत बसली. तिला इतकं बोलताना मी कधी बघितलं नाही. पोरीला आतून फिरवून ठेवलंय, दुसरं काय.

जाताना म्हणाला, "मावशी, तुम्हीही चला पुण्याला. दोन खोल्या आहेत."

मी म्हटलं, "माझं घर आहे. मला कुणाच्या दारात पडायचं नाही."

आत आल्यावर उजू म्हणाली, "त्यानं दारात पडा म्हटलं का?"

"अर्थ तोच."

१४ डिसेंबर, रविवार

प्रिया म्हणाली, "आज्जी, जास्वंदीला एक फूल ठेवलं नाहीस. कळ्या पण तोडल्यास."

"देवाला वाहिली."

"देवापुढं तर एकच फूल आहे."

हिच्या आईनं हिला पाळतीवर ठेवलंय. मी म्हटलं, भूगोलाचा अभ्यास कर.

खरं लिहायचं तर किती वेळा लावला ते आता माझ्या ध्यानात नाही. कधी उजवी, कधी डावी. ज्या दिवशी डावी पडते त्या दिवशी मी जेवून शांत झोपते. म्हणजे तोच देवाचा खरा कौल असणार. देवाचा शब्द मिळाला की मन शांत होतं, असं सासरे सांगायचे.

१९ डिसेंबर

पावसापासून पडलेली दारामागची खुंटी उजूनं स्वतः ठोकून बसवली. मी पिशवी अडकवली, पक्की बसली. ती नसती तर कुणाला सांगणार होते? पण खुंटी काही रोज पडत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

आज सगळ्यांपुढं कौल लावला. उजूनंच दिवस ठरवला. म्हणाली, "वर्ष संपायच्या आत काय ते होऊ दे, त्याला पण कळवायला पाहिजे."

दुर्गाबाई पण येऊन बसली. तिला कुणी सांगितलं माहीत नाही. मी बोलावली नव्हती.

अंघोळ केली, चहा नाही, पंखा बंद, दार लावलं. सगळं नीट. समई लावली. उजू आणि प्रिया समोर बसल्या. पाकळ्या घेतल्या. डावी चिकटवली. उजवी चिकटवायला बोट पाण्यात बुडवलं, ते जरा जास्त ओलं झालं. पाकळीखाली थोडा गूळ गेला असेल, नैवेद्याचा गूळ बोटाला होता. देवाच्या कामात हात थरथरतो, वय झालं.

प्रश्न उजूनं स्वतः बोलला. आवाज स्वच्छ होता.

डावी पाकळी पडली. लगेच नाही पडली, पण पडली. उजवी तशीच गालाला धरून राहिली.

उजू मुखवट्याकडे बघत बसली. मग माझ्या हाताकडे बघितलं. मी हात पदराला पुसत होते.

"झालं," ती म्हणाली. "विषय संपला." उठली, आणि तांदूळ धुवायला घेतले.

दुर्गाबाई जाताना म्हणाली, "आक्का, दुसरी पाकळी अजून पडली नाय. कवा पडायची?"

"पडेल."

"माझ्या वेळंला दोनी पडलेल्या."

ही बाई माझ्यावर इंजिनाचा राग काढते आहे.

जेवण चांगलं झालं. पण झोप लागली नाही, दुपारची. उशीर झाला होता जेवायला म्हणून असेल.

२ जानेवारी १९९८

उजूनं त्याला नाही म्हणून कळवलं. साडेसातचे पावणेसात झाले. टिकली गेली. पिंप भरतं, सुई ओवून मिळते, पाय चेपले जातात. घर पहिल्यासारखं झालं.

पहिल्यासारखं म्हणजे अगदी तसं नाही. ती बोलत नाही. म्हणजे विचारलं तर उत्तर देते.

८ जानेवारी

नवीन सुरू झालं आहे. सकाळी मला विचारते, "आई, आज भेंडी करू की वांगी? देवाला विचार."

मी म्हटलं, "थट्टा करतेस का गं?"

"नाही. माझं मला ठरवता येत नाही. देवच ठरवतो तर सगळंच विचारू."

तोंड सरळ. हसत नव्हती. मी वांगी म्हटलं. तिनं वांगी केली.

११ जानेवारी, रविवार

"प्रियाच्या शाळेची सहल आहे, पाठवू का? विचार."

"पाठव. हे काय विचारायचं?"

"नाही, तू विचार. पाकळी लाव."

लावली. उजवी पडली. नशीब. नाहीतर पोरगी रडली असती. पडेपर्यंत मी श्वास धरून बसले होते, एका सहलीसाठी. ही मला घाबरवते आहे, मुद्दाम.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ दिला. तिनं घेतला, पाया पडली. म्हणाली, "गोड बोलू, कडू बोलू, देव काय म्हणतो?"

मी म्हटलं, "उजू, तू माझ्यावर सूड घेतेस."

ती म्हणाली, "कशाचा सूड? कौल तर देवानं दिला. तू थोडाच दिला."

माझ्या तोंडात तिळगूळ होता.

१८ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. नाहीतर मी पण उद्या फिरवेन.

उजू अंघोळ करून आली, मुखवट्यापुढं पाट मांडला, स्वतः जास्वंद आणली. म्हणाली, "विचार. प्रियाची शाळा यंदा बंद करू का? माझ्याबरोबर पाखडायला येईल. शेठ घेतो म्हणालाय."

प्रिया दारात उभी होती, दप्तर हातात. तिचं तोंड पांढरं पडलं.

मी म्हटलं, "वेड लागलं का? पोरगी वर्गात दुसरी येते."

"म्हणून काय? मला पण बरा वाटत होता तो. आपल्या वाटण्यावर कुठं काय असतं. विचार."

"मी नाही विचारणार."

"का? माझं विचारलंस की."

मी पाकळी हातात घेतली. बोट ओलं केलं. आणि थांबले. खरंच उजवी पडली तर? पाकळी ती, तिला काय कळतं की ही मुलगी वर्गात दुसरी येते. माझी छाती होईना. पोरीचं शिक्षण त्या पितळेच्या गालावर सोडून द्यायला माझा जीव धजेना. आणि मग माझं मलाच वाटलं, उजूचं कसं सोडलं होतं?

सोडलं नव्हतं. एकदासुद्धा सोडलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून घट्ट धरून ठेवलं होतं, आणि देवाला म्हणत होते, तूच ठरव.

पाकळी खाली ठेवली. म्हटलं, "प्रिया, शाळेत जा. आज रविवार असला तरी तुझी सहल आहे ना? निघ." ती पळाली.

मग मी उजूला म्हटलं, "त्या दिवशी उजव्या पाकळीखाली गूळ होता. मी लावला होता. मुद्दाम."

उजू पाटावर बसली होती, ती तशीच बसून राहिली. "माहीत आहे," म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हापासून. मी समोर बसले होते आई. डोळे उघडे होते माझे."

"मग बोलली का नाहीस? गप्प बसून मला तीन आठवडे खेळवलंस."

"तू सांगतेस का ते बघत होते." मग म्हणाली, "आणि वाटलं, ही बाई देवाला गूळ लावून गप्प बसवते, म्हणजे हिला माझ्यावाचून जमणार नसेल. म्हणून त्याला नाही म्हटलं. देवासाठी म्हणून नव्हे."

मला राग आला. मी म्हटलं, "मला कुणावाचून काही अडत नाही."

"मग जाऊ?"

मला हो म्हणता आलं नाही. नाही पण म्हणता आलं नाही. ती उठली आणि धुणं वाळत घालायला गेली.

२१ जानेवारी

आज तीन दिवस मुखवट्यापुढं बसते. फूल वाहते, समई लावते. आणि मग काही सुचत नाही. बावन्न वर्षं या देवाशी बोलते आहे. आठवून बघितलं काय काय बोलले. हे होऊ दे, ते होऊ नको दे, याला अक्कल दे, तिला इथंच राहू दे. मागणं बाजूला केलं तर बोलायला एक शब्द नाही निघाला. शेजारणीशी सुद्धा मी याहून जास्त बोलते.

उजूच्या पहिल्या लग्नाला मी कौल लावला होता. उजवी पडली होती. ती एकदा म्हणाली होती, तो पण देवाचाच होकार ना? मी उत्तर दिलं होतं, लग्नाचं विचारलं होतं, आयुष्याचं नाही. तेव्हा वाटलं काय टोला दिला. आता वाटतं, मी तेव्हा खरोखर विचारलं होतं. पाकळी नुसत्या पाण्यानं चिकटवली होती. आणि ती बरोबरच होती का चूक, ते मला आजही कळलेलं नाही.

२३ जानेवारी

दुर्गाबाई आली होती. मी तिला आत बोलावून सांगितलं की तुझ्या कौलाबद्दल मला खात्री नाही, उजवं डावं मी पुढं माझ्या सोयीनं फिरवत होते.

ती म्हणाली, "इंजिन मी घेतला कवाच. दुसऱ्या दिवशीच. चांगला चालते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुमी आरशाचं बोललात ना. मी जाऊन बसली आरशापुढं. तो म्हनला घे."

बोंबील दिले तिनं, पैसे घेतले. हसत गेली. गल्लीत माझं हसं करणार ही. करू दे.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी उजू केस विंचरत होती. मी म्हटलं, "जा."

"कुठं? पाणी आलं?"

"पुण्याला."

तिचा हात थांबला. "देवानं सांगितलं?"

"देवाला विचारलं नाही. मीच सांगते. आणि मनापासून सांगत नाही, ते पण ऐकून ठेव. मनात माझ्या, जाऊ नको असंच आहे. आज पण आहे, उद्या पण असणार. तरी जा."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता रडेल, गळ्यात पडेल, आणि मला तसलं जमत नाही. पण तिनं फणी खाली ठेवली. म्हणाली, "त्याला नाही म्हणून महिना होत आला. तो अजून थांबला असेल असं तुला वाटतं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जा म्हटलं की सगळं परत जागेवर बसेल, असं मी धरून चालले होते. जसं काही मीच सगळं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी शेवटचं कधी बोलले आठवत नाही.

ती साडी बदलून गेली. रविवारी तो तुर्भ्याला खोलीवर असतो, असं प्रियानं सांगितलं. प्रियाला बरंच माहीत असतं.

दुपार झाली. प्रिया जेवली. मी जेवले नाही, पण उपास म्हणून नाही. पाकळी लावून बघावी असं चारदा मनात आलं. ते पण लिहून ठेवते.

चारला उजू आली. चप्पल काढली, हात धुतले. मी विचारलं नाही. ताट वाढलं. दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, "सामान बांधून ठेवलंय त्यानं. एकतीस तारखेची गाडी आहे."

"एकट्याची?"

"आत्ता एकट्याची. म्हणतो, एकदा ‘नाही’ ऐकलं, आता लगेच ‘हो’ ऐकून चालणार नाही. तिकडं जाऊन पत्र लिहितो म्हणाला. मी पण विचार करते, म्हटलं. प्रियाची परीक्षा होईपर्यंत."

"म्हणजे ठरलं की नाही?"

"नाही ठरलं."

"मग कधी ठरणार? आणि काय लिहिणार तो पत्रात?"

उजूनं भाकरीचा तुकडा मोडला. "ते मी तुला सांगेनच असं नाही आई," म्हणाली. आवाज चढवला नाही. वाईट वाटेल असंही बोलली नाही. जसं भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मी आमटी वाढली.

संध्याकाळी त्या दोघी बाहेर गेल्या, मला ये म्हणाल्या नाहीत. मी मुखवट्यापुढं जाऊन बसले. आज त्याच्या गालावर काही नव्हतं, नुसतं पितळ. उजव्या गालावर गुळाचा डाग राहिला होता, तो ओल्या फडक्यानं पुसला. पुसताना चेहरा पहिल्यांदा जवळून बघितला. डोळे चांगले मोठे केले आहेत घडवणाऱ्यानं. नाक थोडं झिजलं आहे.

विचारायचं काही नव्हतं. तरी बराच वेळ बसले.